शपथ कोणी सोडवायची?



स्मृतिव्याख्यानासाठी विषय कोणता घेणार, असे व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विचारले तेव्हा इतिहास किंवा संतवाङ्मय यांपैकी एखादा भारदस्त विषय मी सुचवीन अशी त्यांची अपेक्षा असावी. ‘लहान मुलांची गुपिते’ असे मी म्हणताच, ‘हा विषय बालदिनाला अधिक शोभणार नाही काय?’ अशी अत्यंत सौजन्यपूर्ण पृच्छा त्यांनी केली. शोभेल खरा, परंतु बालदिनाच्या सभेला मुले असतात, आणि मला जे सांगावयाचे आहे ते मुलांना नसून तुम्हांआम्हांला, म्हणजे आईबापांना, आजी-आजोबांना, शिक्षकांना, संस्थाचालकांना आणि या सभेत कोणी असल्यास पोलीस ठाण्याच्या अंमलदारांनाही सांगावयाचे आहे.

आपण बारवीच्या खोऱ्यातली माणसे. औद्योगिक विकास महामंडळाचे बारवी धरण पावसाळ्यात भरत आले की ठरलेल्या पातळीला त्याचे स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात. म्हणून नदीकाठच्या गावांना आगाऊ इशारा दिला जातो, वर्षासहलीला निघालेल्या हौशी मंडळींसाठी मनाई हुकूम निघतो, आणि काठावरच्या पाड्यातली आई आपल्या चार वर्षांच्या लेकराला बजावते की, पाणी गढूळ दिसले की मागे यायचे आणि मोठ्यांना हाक मारायची. हे सांगताना ती लाजत नाही. ‘या वयात त्याला हे कशाला?’ असे तिच्या मनात येत नाही, आणि पोर घाबरेल म्हणून ती जीभ आवरीतही नाही. पाण्याचे भय सांगताना जी माउली इतकी स्पष्टवक्ती असते, तीच माणसाचे भय सांगण्याची वेळ आली की अडखळते. का बरे? पाणी नात्यातले नसते, हे त्याचे पहिले कारण आहे. दुसरेही एक आहे, आणि त्यापासूनच आरंभ करतो.

मुलांना गुपिते राखण्याचे शिक्षण कोण देते? परका मनुष्य देतो काय? नाही. ते शिक्षण आपल्याच स्वयंपाकघरात, आपल्याच सोयीसाठी, अगदी दोन-तीन वर्षांच्या वयापासून सुरू होते. आई बाजारातून येते आणि पिशवी फळीवर ठेवता ठेवता म्हणते, ‘बाबांना किंमत सांगू नकोस हं, दोनशेचीच साडी आहे म्हणून सांग.’ बाबा दारावर आलेल्या माणसाला ‘घरात नाहीत’ असा निरोप मुलाच्याच तोंडून धाडतात. आणि मधुमेहाचे पथ्य असलेले आजोबा नातवाला फिरावयास नेतात, स्टेशनाबाहेरच्या हलवायाकडे दोघे जिलबी खातात, धोतराच्या सोग्याला बोटे पुसतात आणि नातवाच्या कानाशी लागून म्हणतात, ‘हे आपलं दोघांचं गुपित. आजीला सांगायचं नाही.’ किती गोड प्रसंग! यात वाईट काय आहे? आजोबांच्या हेतूत काहीच वाईट नाही. परंतु श्रोतेहो, जो मनुष्य उद्या त्या मुलाच्या अंगाला नको तेथे हात लावणार आहे, तोही नेमके हेच शब्द उच्चारणार आहे. ‘आपलं दोघांचं’ आणि ‘कोणाला सांगायचं नाही’. त्याला मुलाला नवे काहीच शिकवावे लागत नाही. धडा आपण आधीच गिरवून घेतलेला असतो, तो फक्त त्याचा लाभ घेतो.

म्हणून मुलांनी काहीच गुप्त ठेवू नये, अशी माझी सूचना आहे काय? मुळीच नाही. ज्या मुलाच्या पोटात काहीच राहत नाही त्याच्याशी कोणी मैत्री करीत नाही. शेजारच्या मित्राने विश्वासाने सांगितले की तो अजून रात्री अंथरूण ओले करतो, तर ती गोष्ट वर्गात बोलू नये. घराची किल्ली कोठे ठेवलेली असते हे वाटेवरच्या माणसाला सांगू नये. हेही शिक्षणच आहे, आणि चांगले शिक्षण आहे. आजोबांच्या पंच्याहत्तरीचा बेत घरात आठवडाभर शिजतो आणि पाच वर्षांची नात ओठ घट्ट मिटून, डोळे मोठे करून तो सांभाळते, तेव्हा तिला स्वतःचे जे अप्रूप वाटते ते तिच्यापासून हिरावून घेण्याचा अधिकार मला नाही.

मग ही दोन गुपिते तिने ओळखावी कशी? येथे आपण मोठी माणसे ‘चांगले गुपित’ आणि ‘वाईट गुपित’ अशी विशेषणे वाटू लागतो, आणि तेथेच चुकतो. चार वर्षांच्या मुलाच्या लेखी वाईट म्हणजे ज्याबद्दल मार बसतो ते. वाईट गुपित आहे, म्हणजे आपण वाईट, म्हणजे सांगितले तर मार. असा त्याचा न्याय चालतो, आणि त्या न्यायाने ते अधिकच गप्प बसते. त्यापेक्षा मुदतीची खूण सोपी. पंच्याहत्तरीच्या बेताला मुदत असते. ठरलेल्या दिवशी तो फुटतो, फुटल्यावर सगळे हसतात, आणि ज्याच्यापासून तो राखला त्यालाच सर्वांत अधिक आनंद होतो. दुसऱ्या जातीच्या गुपिताला मुदत नसते. ते ‘कधीच’ सांगावयाचे नसते. सबब मुलाला एक प्रश्न तेवढा शिकवावा. कोणीही, अगदी कोणीही म्हटले की हे सांगू नकोस, तर त्याने विचारावे, ‘मग कधी सांगायचं?’ उत्तर ‘रविवारी, केक कापला की’ असे आले तर ती गंमत. उत्तर ‘कधीच नाही’ असे आले, किंवा उत्तरादाखल डोळे वटारले गेले, तर त्याच दिवशी आईकडे यावे. आणि विचारण्याचा धीरच झाला नाही, तरीही आईकडे यावे.

आपल्यापैकी चाणाक्ष मंडळींच्या ध्यानात आले असेल की या कसोटीवर आजोबांची जिलबीही उतरत नाही. तिलाही मुदत नाही. खरे आहे. जिलबीचा बळी द्यावा लागेल. साडीची किंमतही सांगावी लागेल. मुलाला सुरक्षित ठेवण्याची किंमत म्हणून मोठ्यांच्या अशा बारीकसारीक सोयी सोडाव्या लागतात, आणि माझा अनुभव असा की पालकांच्या सभेत या मुद्द्याला टाळ्या सर्वांत कमी पडतात. (आजही त्या पडल्या नाहीत, हे मी नमूद करतो.)

आता शपथेकडे वळतो. आपल्याकडची मुले गळ्याची कातडी दोन बोटांच्या चिमटीत धरून ‘गळ्याशप्पथ’ म्हणतात. ‘आईशप्पथ’ तर उठताबसता चालते. आपल्याला तो पोरखेळ वाटतो. मुलाला वाटत नाही. शपथ मोडली तर आई मरते, हे त्याच्या दृष्टीने पृथ्वी गोल असल्याइतके निश्चित असते. किंबहुना अधिक निश्चित, कारण पृथ्वीची गोलाई त्याने अजून अनुभवलेली नसते आणि आई रात्री उशिरा आली तर काय होते ते अनुभवलेले असते. मुलांना छळणारी माणसे हे पुरते जाणून असतात. त्यांना सुरी दाखवावी लागत नाही. ‘सांगितलंस तर तुझी आई मरेल’, ‘सांगितलंस तर बाबांना पोलीस नेतील’, ‘तूच आलास ना माझ्याकडे चॉकलेट मागायला?’ एवढ्यावर काम भागते; आणि ते लेकरू आईला वाचविण्यासाठी, लक्षात घ्या, आईला वाचविण्यासाठी, आईपासून सर्व लपविते.

परंतु ज्या लोकरीतीने शपथ निर्माण केली तिनेच तिच्यावर उतारही ठेवला आहे. पोरे शपथ घालतात, मग अडचण होते, आणि ज्याला घातली तो काकुळतीला येऊन म्हणतो, ‘सुटली म्हण ना!’ दुसरा ‘सुटली’ म्हणतो आणि बंधन संपते. कोणी मरत नाही, कोणी पापी ठरत नाही. मला वाटते, आईबापांनी करावयाची पहिली गोष्ट हीच. मुलाला जवळ घेऊन, काही घडण्याच्या पुष्कळ आधी, सहज न्हाऊ घालताना किंवा वेणी घालताना आईने सांगून ठेवावे: ‘माझी शपथ कोणीही घातली तरी ती सुटली. आजच सुटली. मोठ्या माणसाने घातली तर घातल्याबरोबर सुटली. सांगितल्याने मला काही होत नाही.’ एकदा सांगून भागत नाही. दर सहा महिन्यांनी सांगावे. जी आगाऊ सोडवून ठेवली आहे अशी शपथ कोणालाच घालता येत नाही. यासाठी ना तज्ज्ञ लागतो, ना पुस्तक, ना शाळेची परवानगी.

आता आज्ञाधारकपणाविषयी थोडे. ‘मोठ्यांचे ऐकावे’ हे वाक्य आपण मुलांच्या पाठीवर दप्तरासारखे चढविले आहे. पाहुणे येतात; मूल दाराआड दडते; आपण त्याला ओढून पुढे आणतो, ‘काकांना पापी दे, नाहीतर काका रागावतील.’ मूल मान फिरविते, आपण हसतो आणि पुन्हा पुढे ढकलतो. या क्षुल्लक प्रसंगातून त्या मुलाला काय शिकावयास मिळाले? हेच की त्याच्या अंगावर त्याची सत्ता नाही, आणि ती नाही हे आईबापांनाही मान्य आहे. नमस्कार करावयास जरूर शिकवावे, नमस्काराला अंतर असते. परंतु मिठी आणि मुका या गोष्टी हुकमाने वसूल करण्याच्या नव्हेत.

आणि अवयवांची नावे? मुलाला नाक ठाऊक असते, गुडघा ठाऊक असतो, पोपटाची चोच आणि हत्तीची सोंड ठाऊक असते; कमरेखाली मात्र ‘शी शी’ नावाचा एक अनामिक प्रदेश असतो. ज्या जागेला नाव नाही त्या जागेविषयी फिर्याद कशी करावी? र. धों. कर्वे यांनी जुलै 1927 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि 1953 मध्ये देहावसान होईपर्यंत ते चालविले. शरीराविषयी स्वच्छ भाषेत लिहिल्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, आणि 1934 च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. त्या गोष्टीला नव्वद वर्षे लोटली. आज आपल्या खिशातल्या यंत्रावर जगातले सर्व अश्लील वाङ्मय चोवीस तास हजर असते, आणि बालवाडीतल्या बाईंना मात्र ‘खाजगी अवयव’ एवढा शब्द फळ्यासमोर उच्चारण्यासाठी पालकांची आगाऊ संमती घ्यावी लागते.

ताराबाई मोडकांची येथे आठवण होते. बोर्डी तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होती. 1945 मध्ये ताराबाईंनी तेथे बालवाडीचे काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर ते काम वाढले. वारल्यांची मुले शाळेत येईनात, तेव्हा या बायकांनी शाळाच पाड्यावर, झोपड्यांच्या अंगणात नेली. आज देशभर रुळलेल्या अंगणवाडीची कल्पना तिथली. तिथे शिक्षणाचा आरंभ पाटी-पेन्सिलीने होत नसे. अंघोळ, नखे, केस, खरूज यांनी होई. मुलाचे शरीर हा तिथे लाजेचा विषय नव्हता, अभ्यासाचा पहिला धडा होता. आणि तो चालला असताना आया आजूबाजूला पाणी भरीत, भात कांडीत असत. आपल्या पोराला कोण हात लावतो आहे आणि कशासाठी, हे साऱ्या पाड्याला दिसत होते. आता आपण मुलाला फाटकापाशी सोडतो. फाटक बंद होते. आत कोण आहे, कोण नवा नेमला, स्वच्छतागृहापाशी कोण उभा असतो, हे आईला ठाऊक नसते आणि विचारले तर ‘मॅडम, संस्थेचा नियम आहे’ असे उत्तर मिळते.

मुलींच्या मातांनी ऐकावे तितकेच हे मुलग्यांच्या पित्यांनीही ऐकावे. केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 मध्ये 13 राज्यांतील 12,447 मुलांची पाहणी प्रसिद्ध केली; त्यांपैकी 53.22 टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचे सांगितले, आणि त्यांत मुलगे निम्म्याहून किंचित अधिकच होते. त्रास देणाऱ्यांपैकी निम्मे मुलाच्या ओळखीचे, विश्वासातले होते. आणि बहुतेक मुलांनी ते पूर्वी कोणालाही सांगितले नव्हते.

श्रोतेहो, मी आतापर्यंत मुलांना काय शिकवावे हे बोललो. आता मुख्य गोष्टीकडे येतो. आणि ती मी बदलापुरात बोलतो आहे, याचे मला भान आहे.

ऑगस्ट 2024 मध्ये या गावातल्या एका शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याची तक्रार पुढे आली. आरोपी शाळेतला कंत्राटी सफाई कर्मचारी होता. त्या दोन लेकरांना कोणते गुपित राखावे आणि कोणते सांगावे हे कोणी शिकविले होते की नाही, मला ठाऊक नाही. पण गोष्ट घरच्यांपर्यंत पोहोचली. चार वर्षांच्या जिवाकडून याहून अधिक काय अपेक्षावयाचे? त्यांच्याकडचे काम झाले होते. अडले ते त्यानंतर, आणि अडले ते मोठ्यांच्या दालनांत. 16 ऑगस्टला पालक पोलीस ठाण्यात गेले. गुन्हा दाखल होण्यास सुमारे बारा तास लागले. 20 ऑगस्टला लोक बदलापूर स्टेशनात रुळांवर उतरले, सुमारे दहा तास गाड्या बंद राहिल्या. तुमच्यापैकी कित्येकजण त्या दिवशी कामावर जाऊ शकले नसतील, कित्येकजण रुळांवरही असतील. त्याच आठवड्यात मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली, आणि कळल्यावर शाळेने पोलिसांना का कळविले नाही, असा रोखठोक प्रश्न केला. पुढे 23 सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गोळीने मरण पावला. काहींनी पेढे वाटले. मला त्या पेढ्यांची चव समजली नाही. त्या मुलींनी जे सांगितले ते न्यायासनासमोर ऐकले जाऊन त्यावर निकाल होणे हा त्यांचा हक्क होता, आणि त्या मनुष्यापुरता तो हक्क तेथेच संपला.

म्हणून मी विचारतो, शिकावयाचे कोणी? 14 नोव्हेंबर 2012 पासून अंमलात आलेला, बालकांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणारा कायदा, ज्याला आपण पॉक्सो म्हणतो, तो या बाबतीत आपल्याहून शहाणा आहे. ज्याला ज्याला असा अपराध घडल्याचे कळते, त्या प्रत्येकाने पोलिसांना कळविलेच पाहिजे, असे त्याचे कलम 19 सांगते. न कळविल्यास कलम 21 खाली शिक्षा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने दडविले तर ती एक वर्षापर्यंतच्या कैदेची आहे. मात्र या शिक्षेतून एक व्यक्ती स्पष्ट शब्दांत वगळली आहे. ती कोण? खुद्द बालक. सांगण्याची सक्ती मुलावर नाही. मूल गप्प राहिले, उशिरा बोलले, आज बोलून उद्या फिरले, तरी कायदा त्याला बोल लावीत नाही. भार सगळा मोठ्यांच्या खांद्यावर आहे. आणि आपण काय करतो? मुलाला सुरक्षित स्पर्शाचा तक्ता पाठ करावयास लावतो, आणि पुढे काही घडलेच तर प्रथम विचारतो, ‘मग तू ओरडली का नाहीस? शाळेत शिकवलं होतं ना?’

पोलीस ठाण्याविषयीही कायद्याने बारकाईने लिहिले आहे. जबानी मुलाच्या घरी किंवा ते म्हणेल त्या जागी घ्यावी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने घ्यावी, आणि त्या वेळी अधिकारी गणवेशात नसावा. म्हणजे ठाण्याने मुलाच्या अंगणात यावयाचे. कोसबाडच्या बायकांना जे कळले होते तेच येथे कलम 24 मध्ये आले आहे. फरक इतकाच की त्या बायका पाड्यावर खरोखर गेल्या होत्या.

शाळांसाठी हुकमांची तूट नाही. 10 मार्च 2022 च्या शासन निर्णयाने ‘सखी सावित्री’ समित्या स्थापावयाच्या होत्या. बदलापूरच्या घटनेनंतर कॅमेरे, कर्मचाऱ्यांची चारित्र्यपडताळणी यांविषयी नवे निर्णय निघाले. त्याआधीपासून प्रत्येक शाळेत तक्रारपेटीही असावयाची आहे. बालवाडीतल्या मुलाने त्या पेटीत काय टाकावे, हे मात्र कोणत्याच परिपत्रकात नाही. त्याला ‘ग’ काढता येत नाही आणि पेटी त्याच्या डोक्याहून तीन हात वर असते. त्याची पेटी म्हणजे त्याच्याकडे पाहणारे एखादे माणूस: वर्गातल्या बाई, मावशी, रिक्षावाले काका, कोणीही एक.

आणि मूल बोलले, तर ऐकावे कसे? ते सरळ बोलणार नाही. ‘मला उद्या शाळेत जायचं नाही’ म्हणेल. ‘त्या दादांची मिशी टोचते’ म्हणेल. शू करताना दुखते म्हणेल. हातातले काम ठेवावे आणि खाली, त्याच्या डोळ्यांच्या पातळीला बसावे. रागाने लाल होऊ नये, कारण राग दुसऱ्यावर आहे हे त्याला कळत नाही. ‘नक्की? खोटं तर नाही ना?’ असे विचारू नये. आजीसमोर, आत्यासमोर, शेजारणीसमोर तीच गोष्ट पाच वेळा वदवून घेऊ नये. ‘मी कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये, कारण ते आपल्याला पाळता येणार नाही. त्याऐवजी म्हणावे, ‘सांगितलंस ते छान केलंस. तुझं काही चुकलं नाही. आता पुढचं मी बघते.’ मग खरेच पुढचे बघावे. 1098 हा क्रमांक मुंबईत, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमातून 1996 मध्ये सुरू झाला. तो आजही लागतो, आणि मोठ्यांनीही लावावयाचा असतो.

मोठ्यांनी राखावयाचे मात्र एक गुपित आहे, ज्याला मुदत नाही, आणि ते कायद्यानेच राखावयास सांगितले आहे. कलम 23 म्हणते की त्या मुलाचे नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंब, शाळा, शेजार, ज्यावरून त्याची ओळख पटेल असे काहीही प्रसिद्ध करू नये. ऑगस्टच्या त्या दिवसांत मोबाइलवर काय काय फिरत होते ते आपणांस आठवते. गल्लीचे नाव फिरत होते. शुद्ध कळवळ्याने, हात जोडलेल्या चिन्हांसह फिरत होते. मी आज त्या शाळेचे नाव घेतले नाही. या सभागृहात ते अनेकांना ठाऊक आहे, आणि व्याख्यानानंतर चहाच्या टेबलापाशी ते कोणीतरी हळूच उच्चारील अशी मला भीती आहे. त्या मुली आता मोठ्या होत आहेत, याच गावात किंवा दुसऱ्या एखाद्या गावात. चहा जरूर घ्यावा. ते नाव घेऊ नये.